ताट दिसल्याशिवाय सुई नाही

कंपौंडरला लोक तोंडावर 'डॉक्टर' म्हणतात आणि पाठ वळली की 'सुईवाला'. मला दोन्ही चालायचं. बावड्यातले एक आजोबा तर मला दारात बघितलं की "या पावणं, टोचा एकदाचं" म्हणायचे. तेही चालायचं.

कोल्हापुरात एका डॉक्टरांकडे मी सव्वीस वर्षं कंपौंडर होतो. आताच्या पोरांना कंपौंडर म्हणजे काय ते सांगावं लागतं. डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे, आम्ही आत मिक्शर कालवून बाटलीत भरायचो आणि बाटलीच्या अंगाला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचो. एका खाचेएवढं औषध म्हणजे एक डोस. लिहितावाचता न येणाऱ्यालाही ते कळायचं. पण माझं आवडतं काम सकाळचं, सायकलवरचं. ज्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्याच्या पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्या घरी जायचं, इंजेक्शन द्यायचं, जखम धुवायची, पाठीला आग पडली असेल तर पावडर लावायची आणि डॉक्टरांना येऊन सांगायचं. कसबा बावड्यात माझी अशी सात-आठ घरं होती.

तेव्हा सुई फेकून द्यायची चैन नव्हती. काचेची सिरिंज, तीच सुई, रोज उकळायची. बोथट झाली की बारीक दगडावर घासून धार काढायची. ज्या घरी जायचं त्याच घरच्या चुलीवर पातेलीत पाणी ठेवायला सांगायचं, आणि पाणी उकळेपर्यंत दहा मिनिटं गप्पा मारायच्या. एखाद्या घरी चूल पेटलेली नसली तर असावा म्हणून माझ्या पिशवीत स्पिरिटचा दिवा असायचा. त्या दहा मिनिटांत मला घरातलं सगळं कळायचं, कारण मी जात्याच चौकस. आमची मंडळी म्हणते, तुमचं नाक तुमच्या आधी दारात पोचतं. खोटं नाही. एक निवृत्त पैलवान माझ्याकडून दर आठवड्याला सुई घ्यायचे. आयुष्यभर मातीत गडी लोळवलेला माणूस, पण सुई दिसली की बायकोचा हात घट्ट धरून डोळे मिटायचे. "घाबरताय काय, वस्ताद?" म्हटलं तर म्हणायचे, "घाबरतंय कोण? तिला भ्या वाटतंय म्हणून हात धरलाय." पैलवानाला कुस्तीत भीती वाटत नव्हती आणि सुईची का वाटत होती, याचा मी वर्षभर विचार केला. उत्तर मिळालं नाही.

असाच एक प्रश्न मला बायजाक्कांच्या घरी पडला. त्याचं उत्तर मात्र मिळालं, आणि मिळायच्या आधी मी एका बाईचं वाटोळं करून बसलो होतो.

बायजाक्का सत्तरीच्या. साखरेचा आजार, नजर कमी झालेली. मुलगा मारुती साखर कारखान्यात फिटर, सकाळी सहाला सायकल काढून कामावर. सून सुमन शिरोळकडची, लग्नाला तीन वर्षं झालेली, अजून मूलबाळ नाही. डॉक्टरांनी बायजाक्कांना रोज सकाळी साखरेचं इंजेक्शन लावून दिलं होतं. घरात फ्रिज कुठला? ती छोटी बाटली पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवलेली असायची. मी साडेसातला जायचो, सुई द्यायचो आणि सांगायचो, "आक्का, आता अर्ध्या तासात पोटात भाकरी गेली पायजे."

हे इंजेक्शन मोठं विचित्र. ते अंगातली साखर खाली आणतं. माणूस जेवला तर बरं करतं. जेवला नाही तर तेच इंजेक्शन अंगातली होती ती साखरही ओढून घेतं. मग दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस काहीबाही बरळतं आणि आडवं होतं. तोंडात गूळ-साखर गेली तर उठतं. कुणी बघायला नसलं तर उठतही नाही. इस्पितळात ताट आलं की गेलं हे बघायला नर्स असते. घरी म्हातारं माणूस म्हणतं "खातो की", आणि आपण सायकलला टांग मारतो.

पहिल्यांदा बायजाक्का पडल्या तेव्हा मी बावड्यातच दोन गल्ल्या पलीकडे होतो. शेजारच्या पुतळाबाई धावत आल्या. मी गेलो तर आक्का जमिनीवर, लुगडं घामानं भिजलेलं. हिरड्यांना गूळ चोळला, थोडं भान आल्यावर साखरपाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी परत का आलासा?"

"आक्का, सकाळी खाल्लं होतं का?"

"खाल्लं की."

मी चुलीपाशी गेलो. टोपलीत पाच भाकरी फडक्याखाली, आमटी झाकलेली, ताटली कोरडी. सुमन मागच्या दाराच्या उंबऱ्यात उभी होती. सासू खाली पडलेली असताना तिनं हात लावला नव्हता. पुतळाबाईंना हाका मारल्या होत्या आणि लांब उभी राहिली होती. माझ्या चौकस डोक्यानं हे सगळं टिपून ठेवलं.

पुढच्या महिन्यात आक्का पुन्हा पडल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात दोनदा. माझ्या भेटींची वही होती, त्यात मी वार लावून बघितले. मंगळवार, शुक्रवार, मग रविवार-सोमवार. उपासाचे वार म्हणावेत तर तेही जुळेनात. डॉक्टर म्हणाले डोस कमी करू. तो कमी केला, तर साखर चढली. पुतळाबाई म्हणाल्या अमावस्या बघा. तीही बघितली. दर वेळी टोपलीत भाकरी होती, दर वेळी आक्का म्हणायच्या "खाल्लं की", आणि दर वेळी सुमन उंबऱ्यात.

आता कुणीही माझ्या जागी असता तर काय समजला असता? मीही तेच समजलो. सून सासूला उपाशी ठेवते. मारुतीला मी कारखान्याच्या फाटकाशी गाठलं, टोपलीतल्या भाकरीचं सांगितलं आणि म्हटलं, "मारुतराव, एक दिवस मला यायला उशीर होईल आणि म्हातारी हाताला लागणार नाही. घरात बघा."

मारुती तडक घरी आला. मी मागोमाग. तो मोठ्या आवाजाचा गडी, कारखान्याच्या सभेत भाषणं करायचा. त्यानं विचारलं, "आईला खायला दिलंस का न्हाय?"

"दिलतं."

"मग भाकरी टोपलीत कशी?"

सुमननं एकदाच बायजाक्कांकडे बघितलं. बायजाक्कांनी पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. सुमनची ती नजर मी बघितली आणि मला वाटलं, ही चोरी पकडल्याची नजर. आज लिहितानाही माझी मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी मारुतीनं बायकोला एस.टी.त बसवून शिरोळला माहेरी पाठवलं. गल्लीत बातमी झाली की सून सासूला उपाशी मारत होती, कंपौंडरनं पकडली. दोघातिघांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली.

आईला बघायला मारुतीची बहीण रत्ना आली, शाहूवाडीकडं दिलेली, पाच महिन्यांचं पोर अंगावर पिणारं. आणि आक्का पडायच्या थांबल्या. एक महिना, दोन, तीन, चार. आणखी काय पुरावा पाहिजे? मारुती मला म्हणाला, "तुमच्यामुळं माझी आई वाचली." सुमनच्या बापाकडून दोन माणसं बोलणी करायला आली ती दारातूनच परत गेली. सोडचिठ्ठीची भाषा सुरू झाली.

पाचव्या महिन्यात एका मंगळवारी मी सुई देऊन पुढच्या घरी गेलो, आणि पुतळाबाई पुन्हा धावत आल्या.

आक्का जमिनीवर. टोपलीत भाकरी. रत्ना, पोटची पोरगी, पोर कडेवर घेऊन मागच्या उंबऱ्यात उभी.

मी गूळ चोळला, साखरपाणी पाजलं, घरी आलो तो डोकं फिरल्यासारखा. सख्खी लेक आईला कशाला उपाशी ठेवेल? संध्याकाळी मी आमच्या घरी चूल फुंकत बसलो होतो, कारण आमची मंडळी त्या दिवसांत बाजूला बसलेली होती. आमच्याकडे महिन्यातून चार दिवस चहा-भाताचं माझ्याकडे असायचं, आणि माझा भात कसा व्हायचा ते न सांगितलेलं बरं. डोळ्यांतून पाणी काढत मी तिला सगळं सांगत होतो. सांगता सांगता एक बारीक गोष्ट तोंडून गेली.

"आणि आज आक्का म्हणाल्या, सुई आमच्या चुलीवर उकळू नका, तुमच्या दिव्यावर उकळा. मधनंमधनं त्यांना अशी लहर येते. सुमन होती तेव्हाही यायची. चार दिवस दिवा, मग पुढं महिनाभर चूल. म्हातारपण म्हणजे..."

मागल्या पडवीतून बायको हसायला लागली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही आत्ता चूल का फुंकताय, ते बघा आधी."

फुंकणी हातात तशीच राहिली. वही काढली. दिवा पेटवला की स्पिरिटचा खर्च मी त्यातच मांडायचो. आक्का पडलेला प्रत्येक दिवस दिव्याच्या चार दिवसांतला होता. रत्नाचं पोर अंगावर पीत होतं, म्हणून इतके महिने तिला अडचण आली नव्हती. जी गोष्ट माझ्या घरात दर महिन्याला मला धुरात बसवत होती, ती दुसऱ्याच्या घरात मला दिसली नाही. सुनेचा दोष मात्र लगेच दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुई उकळली नाही. बायजाक्कांसमोर बसलो आणि म्हणालो, "आक्का, सुमन बाजूला बसायची तेव्हा तिच्या हातचं तुम्ही खात नव्हता. व्हय का न्हाय?"

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तुमी गडीमाणूस. तुमाला काय सांगायचं असलं?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. मारुतीला हा विटाळ मान्य नव्हता. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यानं बायकोला बाजूला बसलेली बघितली आणि गल्ली गोळा होईल एवढा ओरडला. माझ्या घरात असलं पुन्हा दिसलं तर मी या घरात जेवणार नाही, अशी आईची शपथ घेतली. बोलला ते बरोबरच होतं. पण तो सहाला कामावर जायचा आणि बायजाक्कांचा सत्तर वर्षांचा धर्म घरातच राहायचा. मग सासूनं सुनेला गळ घातली. त्याच्यासमोर तू स्वयंपाक कर, सगळीकडं हिंड, मी काही बोलणार नाही. पण त्या चार दिवसांत तुझ्या हातचं मला देऊ नको, मला शिवू नको, आणि मारुतीला यातलं अक्षर सांगू नको. सुमननं कबूल केलं. तेवढे दिवस सकाळी पुतळाबाई त्यांची भाकरी आणून द्यायच्या, पण घरची कामं आवरून, दहा वाजता. संध्याकाळी आक्का उपास जाहीर करायच्या. मुलाला वाटायचं, आई देवभोळी. माहेरी आलेल्या रत्नालाही आईनं हीच गळ घातली होती.

"पण सुई घेतल्यावर दहापर्यंत उपाशी राहायचं? मी रोज सांगत होतो की."

"औशिद रिकाम्या पोटी जास्त लागू पडतंय, आसंच ऐकलंय आमी जलमभर," बायजाक्का म्हणाल्या. "दोन तासानं काय हुतंय, आसं वाटलं. आन् तुमी तर खाल्लं का म्हणून इचारायच्या आधीच सायकलवर बसायचासा."

हे खरं होतं. मी सांगायचो, बघायचो नाही. पडल्यावर विचारायचो, पडण्याआधी कधीच नाही.

"पुतळाबाईंना सगळं म्हाईत होतं?"

"तिला म्या देवाची आण घातलीया."

"आणि सुमन बाहेर घालवली तेव्हा?"

त्या रडायला लागल्या. आवाज न करता, नजर अधू झालेल्या डोळ्यांतून. म्हणाल्या, "त्या दिवशी मी बोलणार होते. पण मारुती जेवायचं सोडील म्हणून तोंड शिवलं. लेकाच्या ताटासाठी सुनेचं ताट पालथं घातलं मी, कंपौंडर. आता त्याला सांगू नगा."

मी म्हणालो, "मी सांगणार नाही. पण गल्लीत सुमनचं नाव मी बद्दू केलंय, आणि ते धुवायला तुमच्या तोंडाचीच गरज आहे. आणि आजपासून ताट पुढ्यात दिसल्याशिवाय सुई नाही."

मारुतीला सांगायला त्यांना तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी रोज साडेसातला जाऊन बसायचो. पुतळाबाईंना मी सातलाच भाकरी आणायला लावली होती. आक्का माझ्यासमोर पहिला घास मोडायच्या, मग मी सुई द्यायचो. माझी पुढची घरं चुकायची, पैलवान रागवायचे. चौथ्या दिवशी रविवार होता. मारुती घरी होता. मी दारात सायकल लावतोय तोवर आतून त्याचा आवाज ऐकू आला, पण ओरडण्याचा नव्हता.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तू वरडतोस म्हणून," बायजाक्का म्हणाल्या.

एवढा मोठा गडी, पण खाली बसला. मला बघितलं तरी उठला नाही. म्हणाला, "मला वाटलं हुतं माझ्या घरातनं हे गेलंय. गेलं न्हाय व्हय. नुस्तं माझ्या पाठीमागं गेलं."

त्याच आठवड्यात आम्ही तिघे एस.टी.नं शिरोळला गेलो. बायजाक्का हट्टानं आल्या. माझ्या पिशवीत गूळ. सुमनच्या आईनं पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. बायजाक्का उभ्यानंच बोलल्या, "तुमच्या पोरीनं माझी अब्रू झाकली. म्या तिची झाकली न्हाय. आता तुमी म्हणाल तसं."

सुमन आतून बाहेर आली. बारीक झाली होती. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. नवऱ्याला म्हणाली, "येण्यात काय न्हाय. पर त्या चार दिसांत आत्याबाई माझ्या हातचं खाणार असतील तर. न्हायतर त्या पुन्यांदा पडतील, आन् पुन्यांदा मीच."

परक्या पुरुषासमोर एका सुनेनं ही गोष्ट उघड बोलावी, हे त्या काळात लहान नव्हतं. बायजाक्कांनी मान हलवली.

मान हलवणं सोपं. मला त्यावर भरवसा नव्हता. सव्वीस वर्षांत एक गोष्ट मी शिकलो होतो की म्हातारं माणूस औषधाला हो म्हणतं आणि उशीखाली ठेवतं. त्यात लबाडी नसते. आयुष्यभर जे केलं ते त्याला औषधापेक्षा जास्त राखणारं वाटतं. त्याला घाबरवून चालत नाही, त्याच्यासमोर बसावं लागतं.

सुमन परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी गेलो तर बायजाक्कांनी दिव्याचं नाव काढलं नाही. सुमननं चुलीवरून उकळतं पाणी आणून ठेवलं. मग ताट आणलं, भाकरी आणि मेथीची भाजी, आणि सासूच्या पुढ्यात ठेवून ती मागं सरली नाही. तिथंच बसली. तिच्या बसण्यावरून मला कळलं की आज त्यातलाच दिवस आहे.

मी सिरिंज भरून हातात धरून बसलो. आक्कांचा हात ताटापर्यंत गेला, मागं आला. ओठ हलत होते, देवाची माफी मागत असाव्यात. सुमन ताटाकडे बघत होती. मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग आक्कांनी तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला आणि हळूहळू चावला. दुसरा मोडला. मी सुई दिली.

आमच्या घरातलं बाजूला बसणं त्यानंतरही दोन वर्षं चाललं, हेही इथं सांगायला पाहिजे. ते बंद केलं माझ्या मुलीनं, मी नाही.

त्या दिवशी पिशवी आवरून मी बाहेर आलो. सुमन पातेलीतलं पाणी ओतायला अंगणात आली होती. मी तिची कधी माफी मागितली नव्हती. शिरोळला मारुती बोलला, बायजाक्का बोलल्या, मी नुसता गूळ सांभाळत उभा होतो. म्हटलं, "सुमन, माझं चुकलं. मी तुझ्यावर नको तो आळ घेतला."

ती पाणी ओतत राहिली. मग म्हणाली, "दादा, तुमी आत्याबाईस्नी इचारलं, पुतळाकाकूस्नी इचारलं, अमावस्या बघितली. मला कुणी इचारलंच न्हाय."

मी म्हणालो, "विचारलं असतं तर सांगितलं असतंस काय?"

"न्हाय," सुमन म्हणाली. "पर इचारायला पायजे हुतं."